चवरी भाड्याने मिळेल

बाळीवेशीत, पितळी भांड्यांच्या दुकानाला लागून
सहा फूट रुंदीचं आमचं दुकान.
पाटीवर तीन लिप्यांत एकच ओळ:
छत्र, अब्दागिरी, चवरी भाड्याने मिळेल.
कानडीतली अण्णांनी स्वतः रंगवली,
तेलुगूतली साखर पेठेतल्या येमूलमास्तरांनी,
मराठीतली पेंटरने, पैसे घेऊन,
म्हणून तिच्यात एक वेलांटी चुकली.

तिथी नसली की अण्णा अक्षरशः माशा मारत बसायचे.
दुमडलेल्या पंचांगाने.
मी चवरीला हात लावला की ओरडायचे,
"ती ढाळायची असती ग, मारायची नसती."

भिंतीला नायलॉनच्या वीस, गठ्ठ्याने आलेल्या.
गादीखालच्या पेटीत एक खरी:
चांदीची मूठ, मुठीवर झिजून
सिंहाचा कुत्रा झालेला,
केस म्हाताऱ्या दातांसारखे पिवळट.
नाकाशी धरली की कापूर,
आणि कापराच्या खाली, पुसट, एक जनावर.
पणजोबांनी ती कुठल्याशा जहागिरीच्या लिलावात घेतली
दोन खुर्च्यांसोबत. खुर्च्या मोडल्या.

"ही गाय बर्फातली," अण्णा सांगत.
मी सात वर्षांची. विचारलं,
शेपूट आपल्याकडं,
मग तिच्या पाठीवरची माशी कोण उडवतं?
अण्णांनी मला शेंगापोळीचा तुकडा दिला
आणि पेटी बंद केली.

त्यांचा खांदा धरला त्या वर्षी
नवरदेवामागं मी उभी राहिले.
होटगी रोड, थंडगार हॉल,
नवरदेव टॉवेलच्या कारखान्यात फिटर,
तीन तासांचा राजा, फेटा सारखा डोळ्यांवर येणारा.
त्याच्या आत्यानं विचारलंच: पोरीचा हात?
येमूलमास्तर पंगतीतून उठून म्हणाले,
देवळाच्या चौकटीवर बघा जरा, तिथं कोण उभीय.
मी नंतर जाऊन पाहिली.
मनगट तुटलेलं. खांदा अजून कामात.

मनगट नाही, कोपर हलवायचं.
हवेत आडवा आठ काढायचा.
राजाकडं बघायचं नाही,
त्याच्यावर जे बसू शकेल त्याच्याकडं बघायचं.
आणि एसीच्या हॉलमध्ये काहीच बसत नाही.
किती लग्नं मी नुसती हवा हाकलली.
माशी नसताना कुणीतरी माशी वारत राहणं,
एवढंच बहुतेक राज्य असावं.

एकदाच आली.
मंगलाष्टकं चालू, अक्षता मुठीत घामेजलेल्या,
आमरसाच्या पातेल्यावरून थेट आत.
आठशे माणसांत ती माझ्याकडं आली होती.
नाकावर माशी बसू न देणारं ते घराणं,
आणि थोरल्याच्या नेमकी नाकावर.
मी हात फिरवला.
उठली, एक घिरटी घातली
आणि माझ्या चवरीवरच बसली,
नायलॉनच्या केसांत, पुढचे पाय चोळत,
माझ्या आठाच्या वळणावळणानं
झोपाळ्यावर बसल्यासारखी हलत राहिली
शेवटच्या 'सावधान'पर्यंत.
मी हसले. व्हिडिओत दिसतं.

पावती अण्णा अजून हातानं लिहितात:
छत्र एक. चवरी दोन. हात एक.
हाताचा दर वेगळा.

परवा दुपारी लाईट गेलेली.
अण्णा दुकानातच, गादीवर पालथे, उघडे,
धरलेला खांदा वर.
माशी बसली.
झोपेतच, तेवढ्याच जागचं कातडं
थरथरलं.
उडाली. परत बसली.
परत थरथरलं.

पेटी गादीखाली, किल्ली त्यांच्या करदोट्याला.
पंचांग शोधलं, सापडेना.
ओढणीचं टोक धरून उभी राहिले,
कोपरातून.
"काय करलालीस ग?" डोळे न उघडता.
काही नाही, अण्णा.